ओळखीचा कागद : दाखवणे आणि ठेवून घेणे

गृहनिर्माण संस्थेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, ज्ञातीचे वधू-वर सूचक मंडळ, गडांवर भटकंतीला नेणारा गट किंवा माजी विद्यार्थ्यांची संघटना, यांपैकी कोठेही आज नाव नोंदवायचे म्हटले की ‘आधारचा फोटो पाठवा’ अशी सूचना येते आणि बहुतेक सभासद ती फारसा विचार न करता पाळतात. मागणाऱ्याचा हेतू पुष्कळदा चांगलाच असतो. खोट्या नावाने कोणी शिरू नये, लग्न जुळवताना फसवणूक होऊ नये, वाटेत अपघात झाला तर घरी कळवता यावे, एवढेच त्याला हवे असते. तथापि सरकारने व्यक्तीला दिलेला ओळखीचा कागद खाजगी गटाने मागण्याचा, आणि मागून झाल्यावर स्वतःजवळ साठवण्याचा, अधिकार कोठून येतो याचा शोध घेऊ लागले की हाती फारसे काही लागत नाही. भारतीय कायद्याने गेल्या दहा-पंधरा वर्षांत या बाबतीत घेतलेली भूमिका सुटी वाचली तर कलमांची गुंतागुंत वाटते. महाराष्ट्रातील संस्थाजीवनाचा आणि ओळखपत्रांचा इतिहास शेजारी ठेवून वाचली तर तिच्यातील सूत्र दिसू लागते. कागद दाखवणे ही एक गोष्ट आहे आणि तो ठेवून घेणे ही दुसरी, आणि पहिल्या गोष्टीला दिलेली संमती दुसरीला आपोआप लागू होत नाही, असे ते सूत्र आहे.

मराठेशाहीत सामान्य माणसाची ओळख कागदापेक्षा माणसांवर उभी होती. वतनाचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावचे व परगण्याचे वतनदार, बलुतेदार आणि भाऊबंद यांच्या एकत्रित सभेपुढे, आला की निवाड्याचा जो कागद तयार होई त्याला महजर म्हणत. हजर असलेल्या मंडळींची नावे हुद्द्यांसह त्यावर ओळीने लिहिली जात आणि ज्यांना अक्षर येत नसे त्यांच्या नावापुढे धंद्याची किंवा वतनाची निशाणी काढली जाई: पाटलाच्या नावापुढे नांगर, पेठेच्या शेट्याच्या नावापुढे तराजू. ही निशाणी त्या एका माणसाची नव्हती, कारण शेजारच्या गावच्या पाटलाची निशाणीही नांगरच असे. तिला पुराव्याचे मोल येई ते भोवती बसलेल्या चार माणसांनी त्याला ‘हाच तो’ म्हणून ओळखल्यामुळे. अनोळखी माणसाला आश्रय द्यायचा, नोकरीला ठेवायचे किंवा कर्ज द्यायचे झाल्यास जामीनकतबा, म्हणजे माहितगार माणसाने लिहून दिलेले हमीपत्र, घेतला जाई. ओळख पटवण्याची जबाबदारी अशा रीतीने ओळख देणाऱ्या तिसऱ्या माणसावर पडे आणि नवागताचा स्वतःचा असा कोणताही कागद कोणाच्या कपाटात अडकून राहत नसे.

माणसांची माहिती दीर्घकाळ साठवणाऱ्या खाजगी नोंदीही त्या काळी होत्या. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील वह्या हे त्याचे ठळक उदाहरण होय. यात्रेला आलेल्या यजमानाचे नाव, कूळ, गाव, सोबतची माणसे आणि आधी येऊन गेलेल्या पूर्वजांची नावे या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिली गेली आणि लिहिता येणाऱ्या यजमानांनी ती स्वहस्ते लिहिली. माहिती येथे साठवली जात होती हे खरे, पण ती यजमानाने आपल्या तोंडाने सांगितलेली होती, कशासाठी लिहिली जाते हे त्याला पुरते माहीत होते आणि पुढे त्याच्या मुलाने वही पाहायला मागितली तर ती त्याच्यापुढे उघडली जाई. आजच्या कायद्याला हेतू, माहीतगारी आणि पाहण्याचा हक्क या ज्या तीन गोष्टी हव्या असतात, त्या या जुन्या व्यवहारात कलमांवाचून होत्या.

सत्तेला मात्र सांगोवांगीची ओळख पुरत नव्हती. अलाउद्दीन खिलजीने सैनिकांचा हुलिया, म्हणजे चेहरेपट्टीचे वर्णन, लिहून ठेवण्याची आणि घोड्यांना डाग देण्याची पद्धत घातली आणि अकबराने ती पुन्हा सुरू केली. पेशवाईत पुण्याच्या कोतवालीकडे शहरात येणाऱ्या-जाणाऱ्या परक्यांची नोंद ठेवण्याचे काम असे. वर्णन करून घेणारी आणि ते जपून ठेवणारी यंत्रणा सरकारची असे, ही त्या व्यवस्थेची मर्यादा येथे ध्यानात घ्यावी लागते.

इंग्रजी अमलात नव्या तऱ्हेच्या संस्था निघू लागल्या तेव्हाही सभासदाची ओळख सहीवरच भागत होती. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाने, ज्याखाली आजही असंख्य मंडळे नोंदलेली आहेत, सभासद कोणाला म्हणावे हे १५ व्या कलमात सांगितले. नियमांप्रमाणे प्रवेश मिळाल्यावर वर्गणी भरलेला किंवा सभासदांच्या यादीवर सही केलेला माणूस, एवढीच ती व्याख्या होती. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने याहून अधिक मागितले, परंतु तिची मागणी वेगळ्याच जातीची होती. गणेश वासुदेव जोशी, अर्थात सार्वजनिक काका, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा नियम केला, की सभेचा सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने बोलण्याचा अधिकार दिल्याचे पत्र, सादर करावे. आरंभीच्या पंचाण्णव सभासदांच्या पाठीशी अशा सुमारे सहा हजार लोकांचा अधिकार उभा होता. सभेने कागद गोळा केले ते हा माणूस कोण आहे हे तपासण्यासाठी नव्हे, तो कोणाच्या वतीने बोलतो हे सरकारला दाखवून देण्यासाठी. आणि त्या कागदांमुळे सभासदाची माहिती सभेच्या हाती अडकण्याऐवजी सभाच पन्नास-पन्नास माणसांना उत्तरदायी झाली. संस्थाजीवनाच्या इतिहासात या नियमाला जितके महत्त्व मिळायला हवे होते तितके ते मिळालेले नाही.

सहकारी चळवळीनेही हीच वाट धरली. रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या प्रयत्नांतून मुंबईच्या गावदेवी भागात १९१५ साली उभी राहिलेली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था ही देशातील या प्रकारच्या पहिल्या संस्थांत अग्रणी मानली जाते. तेथे एकत्र आलेली कुटुंबे एकमेकांना ओळखत होती, हीच तिची पत होती. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि त्याखालील १९६१ चे नियम यांनी प्रत्येक संस्थेवर सभासद-नोंदवही ठेवण्याची सक्ती केली आणि तिचा नमुना ठरवून दिला. सोसायटीच्या चिटणीसाच्या बोलण्यात ‘आय रजिस्टर’ म्हणून येणारी वही ती हीच. सभासदाचे नाव, पत्ता, व्यवसाय, प्रवेशाच्या वेळचे वय, नामनिर्देशित वारस, भागांचा तपशील आणि सभासदत्व संपल्याची नोंद असे रकाने तिच्यात असतात. ओळखपत्राची प्रत डकवण्याचा रकाना त्यात नाही. संस्थेने सभासदांविषयी काय जाणून ठेवावे याची कायद्याने आखलेली सीमा ही आहे, आणि ज्या गृहनिर्माण संस्थांच्या समित्या आज भाडेकरूंपासून मोलकरणींपर्यंत सर्वांच्या आधारच्या प्रती जमवून फाइल फुगवतात त्यांनी तो नमुना एकदा उघडून पाहण्यासारखा आहे.

मग ओळखीचा कागद बाळगण्याची आणि मागितल्यावर पुढे करण्याची सवय समाजाला लागली कशी, याचे उत्तर वसाहतीच्या प्रशासनात सापडते. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने रस्त्याच्या मालाचा ठेका घेणाऱ्या राज्यधर कोनाई याच्याकडून करारावर हाताचा पंजा उमटवून घेतला, तो पुढे नाकबूल होऊ नये म्हणून. १८९७ साली कलकत्त्यात अंगुलिमुद्रा कार्यालय उघडले तोवर बोटांच्या ठशांचे वर्गीकरण करण्याची पद्धत तयार झाली होती. तिच्यावर एडवर्ड हेन्रीचे नाव लागले, तरी अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या हिंदी कर्मचाऱ्यांचे श्रम तिच्यात होते. ठसा हा माणसाच्या शरीराचाच भाग असल्याने त्याला चार माणसांच्या साक्षीची गरज उरली नाही, आणि महजरावरच्या नांगराला जो समाज लागत होता तो समाज या व्यवहारातून वगळला गेला.

ही पद्धत सर्वांत आधी आणि सर्वांत निष्ठुरपणे लादली गेली ती दुबळ्यांवर. १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाचा विस्तार १९११ च्या कायद्याने सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात झाला आणि मुंबई इलाख्यातील पारधी, कैकाडी, भामटा अशा अनेक जमातींतील माणसे जन्माने संशयित ठरली. त्यांची नावे नोंदली गेली, बोटांचे ठसे घेतले गेले, ठरल्या वेळी हजेरी देणे त्यांच्यावर बंधनकारक झाले आणि नेमून दिलेल्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचे तर परवान्याचा पास लागू लागला. सोलापूरच्या तारांच्या कुंपणातील वसाहत, जिला तेथील लोक ‘सेटलमेंट’ म्हणत, या व्यवस्थेचे महाराष्ट्रातील दृश्य रूप होती. कामावर गेलेल्या माणसाला परतायला उशीर झाला किंवा त्याच्याजवळचा पास हरवला, तर त्याने काही केले आहे की नाही हा प्रश्नच गौण होई; कागद जवळ नसणे हाच अपराध असे. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला आणि तो दिवस विमुक्त जमाती आजही विमुक्त दिन म्हणून पाळतात. कागदाच्या सक्तीने माणसाचे काय होते हे ज्यांनी शरीराने भोगले, त्यांची आठवण ओळखपत्रांच्या चर्चेत क्वचितच निघते, ही खेदाची गोष्ट आहे.

त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालमध्ये ओळखपत्राच्या संमतीचा प्रश्न हिंदी लोकांनी जगापुढे मांडला. तेथील सरकारने प्रत्येक आशियाई माणसाने नव्याने नोंदणी करावी, बोटांचे ठसे द्यावेत आणि पोलिसाने मागताच दाखला काढून दाखवावा असा कायदा योजला, तेव्हा ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात भरलेल्या सभेने तो न पाळण्याची शपथ घेतली. १९०७ मध्ये कायदा झालाच. पुढे जानेवारी १९०८ मध्ये तेथील सरकारचा मंत्री स्मट्स आणि हिंदी लोकांचे नेते गांधी यांच्यात तडजोड होऊन असे ठरले, की लोकांनी नोंदणी आपखुशीने करावी आणि सरकारने सक्तीचा कायदा मागे घ्यावा. दहा बोटांचे ठसे देण्यास आपण तयार आहोत, फक्त ते कायद्याच्या धाकाने देणार नाही, ही गांधींची भूमिका त्यांच्या अनेक सहकाऱ्यांना पटली नाही. १० फेब्रुवारी १९०८ रोजी नोंदणी कार्यालयाकडे जात असताना त्यांच्यावर भर रस्त्यात हल्ला झाला, आणि तरीही जखमी अवस्थेत त्यांनी ठसे दिले. स्मट्सने कायदा मागे घेतला नाही. तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमीदिया मशिदीच्या आवारात मोठ्या कढईत दोन हजारांहून अधिक दाखले जाळण्यात आले. स्वेच्छेने दिलेला ठसा आणि सक्तीने घेतलेला ठसा कागदावर तंतोतंत सारखाच दिसतो; त्या दोहोंत नैतिक आणि कायदेशीर अंतर आहे, आणि अट मोडली गेली तर दिलेली संमती परत घेता येते, हे इतक्या स्पष्टपणे त्यापूर्वी कोणी दाखवून दिले नव्हते. माहितीच्या संरक्षणाचे अलीकडचे कायदे ज्याला ‘संमती मागे घेण्याचा हक्क’ म्हणतात, त्याचे मूळ शोधणाऱ्याने त्या कढईपर्यंत जायला हवे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर कागदाचे रूप पालटले. महायुद्धाच्या काळात १९४३ साली मुंबईत धान्यवाटप सुरू झाले आणि रेशनकार्ड घरोघर पोहोचले; धान्य मोजण्यासाठी निघालेले हे पुस्तक काही वर्षांतच राहत्या जागेचा पुरावा बनले. १९७६ साली मुंबईतील झोपड्यांची गणना झाली आणि पात्र कुटुंबांना फोटोपास मिळाले. तेव्हापासून झोपडपट्टीत राहणाऱ्या माणसासाठी कागद म्हणजेच छप्पर, असे समीकरण झाले. पुनर्वसनाची मुदतरेषा १९९५ ची असो वा २००० ची, त्या तारखेच्या आधीचे रेशनकार्ड, मतदार यादीतील नाव आणि विजेचे बिल प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत जपणे हे घरातील बाईचे मोठे काम होऊन बसले. १९९३ साली मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी छायाचित्र असलेल्या मतदार ओळखपत्राचा आग्रह धरला आणि त्या पिशवीत आणखी एक कागद आला. ज्या हेतूने कागद दिला त्या हेतूपुरताच तो वापरावा, हे तत्त्व सरकारला पुरेसे ठाऊक होते. शिधापत्रिका ओळखीचा किंवा निवासाचा पुरावा म्हणून वापरू नये असे २०१५ च्या केंद्रीय आदेशात स्पष्ट म्हटले आहे. व्यवहारात मात्र सरकारी खिडकीपासून गॅसच्या एजन्सीपर्यंत सर्वांनी ती मागितली.

कागद मागणाऱ्यांच्या संख्येत खरी भर पडली ती झेरॉक्समुळे. छायाप्रतीचे यंत्र येण्यापूर्वी प्रत हातानेच उतरवावी लागे आणि खरी नक्कल म्हणून ती साक्षांकित करायला राजपत्रित अधिकारी शोधावा लागे, त्यामुळे कोणाचाही दाखला घेऊन ठेवणे कष्टाचे होते. १९८० च्या दशकानंतर कोपऱ्याकोपऱ्यावर झेरॉक्सची दुकाने निघाली, मागणाऱ्याचा खर्च शून्यावर आला आणि कागद पाहून परत करण्याऐवजी ‘दोन प्रती देऊन जा’ म्हणण्याची चाल पडली. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये स्वयंसाक्षांकन, म्हणजे प्रतीवर अर्जदाराने स्वतःच सही करणे, मान्य केले तेव्हा नागरिकांची राजपत्रित अधिकाऱ्यामागची पायपीट वाचली, हा मोठाच दिलासा होता. पण सही केलेली प्रत कोणाच्याही हाती सहज पडू लागली हेही खरे. जाणती माणसे अशा प्रतीवर तिरक्या दोन रेघा ओढून त्यांच्यामध्ये ‘फक्त अमुक कामासाठी’ असे तारखेसह लिहितात. कोणत्याही कायद्याने न शिकवलेली, नागरिकांनी स्वतःच घडवलेली ही संरक्षणाची रीत आहे.

पाहणे आणि ठेवून घेणे यांतील भेद न्यायालयाने सर्वांत नेमकेपणाने सांगितला तो पारपत्राच्या संदर्भात. १९६७ च्या पारपत्र अधिनियमाच्या १७ व्या कलमाप्रमाणे पारपत्र हे सदैव केंद्र सरकारच्या मालकीचे असते. ज्याच्या नावाने ते निघाले तो त्याचा धारक असतो. रत्नागिरी-रायगडमधून आखाती देशांत गेलेल्या हजारो कोकणी कुटुंबांनी एक अनुभव घेतला आहे, तो म्हणजे कामावर रुजू होताच मालक पारपत्र काढून घेतो आणि मग आजारपण असो वा घरचे लग्न, परतीची वाट त्याच्या मर्जीवर राहते. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सुरेश नंदा यांच्या खटल्यात असे ठरवले, की पोलीस तपासासाठी पारपत्र ताब्यात घेऊ शकतात, पण घेतल्यानंतर ते ठेवून घेणे ही वेगळी कृती आहे आणि तिचा अधिकार विशेष कायद्याने फक्त पारपत्र अधिकाऱ्याला दिलेला आहे. जप्तीची कृती एका क्षणी पुरी होते, अटकावून ठेवण्याची कृती काळभर चालू राहते, म्हणून दोघींना वेगवेगळे अधिकार लागतात, असा तो युक्तिवाद आहे. तपास यंत्रणेलाही ठेवून घेण्याची मुभा नसेल, तर सहलीच्या संयोजकाने किंवा मंडळाच्या कोषाध्यक्षाने सभासदांची पारपत्रे ‘सुरक्षित राहावीत म्हणून’ आपल्या पिशवीत ठेवण्याला कोणतेही समर्थन उरत नाही.

आधारची कहाणी महाराष्ट्रातच सुरू झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिले बारा अंकी आधार क्रमांक दिले गेले. ज्यांच्याजवळ कोणताच कागद नव्हता त्यांना एक कागद मिळावा ही त्यामागची घोषित भूमिका होती, आणि तिच्यात तथ्य होते. २०१६ मध्ये संसदेने आधारचा कायदा केला तेव्हा त्याच्या ५७ व्या कलमाने शासनाबरोबरच कोणत्याही खाजगी संस्थेला व व्यक्तीला, केवळ कराराच्या जोरावरही, ओळख पटवण्यासाठी आधार क्रमांक वापरण्याची वाट मोकळी करून दिली. खाजगी गटांच्या आजच्या सवयीचा उगम बऱ्याच अंशी या कलमात आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला आणि २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने आधारचा कायदा बहुमताने ग्राह्य धरताना ५७ व्या कलमातील खाजगी संस्थांना व व्यक्तींना मुभा देणारा भाग घटनाबाह्य ठरवला.

संसदेने २०१९ च्या दुरुस्तीने ते कलमच वगळले आणि ‘ऑफलाइन पडताळणी’ ही नवी संकल्पना आणली. मध्यवर्ती संगणकाशी संपर्क न साधता आधारधारकाने स्वतः सादर केलेल्या कागदावरून किंवा क्यूआर कोडवरून त्याची ओळख तपासणे, असा तिचा अर्थ आहे. कायद्याच्या ‘८-अ’ या नव्या कलमाप्रमाणे अशी पडताळणी करू इच्छिणाऱ्याने आधी संमती घ्यावी, आधारऐवजी दुसरे कोणते ओळखपत्र चालेल हे सांगावे आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आधार क्रमांक कोणत्याही कारणासाठी गोळा करू नये, वापरू नये किंवा साठवू नये. पाहण्याची मुभा आणि साठवण्याची मनाई, हा भेद येथे प्रथमच कलमाच्या रूपाने कायद्यात आला. २९ व्या कलमानुसार कायद्याखाली जमलेले आधार क्रमांक आणि छायाचित्रे सार्वजनिकरीत्या प्रसिद्ध करण्यासही मनाई आहे. आधारची झेरॉक्स कोणी घेतली की तो गुन्हेगार झाला, असे जे सरसकट विधान फिरत असते ते कायद्याच्या शब्दांपलीकडे जाते. पण ‘सगळेच घेतात, त्यात काय’ ही समजूत त्याहून अधिक चुकीची आहे.

सरकारी यंत्रणेचीही या बाबतीत चलबिचल झाली. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळूरु येथील प्रादेशिक कार्यालयाने एक पत्रक काढले, की आधारची छायाप्रत कोणाही संस्थेला देऊ नये, त्याऐवजी शेवटचे चारच अंक दिसणारे ‘मास्क्ड आधार’ द्यावे आणि परवाना नसलेल्या हॉटेल-चित्रपटगृहांसारख्या खाजगी आस्थापनांना प्रती घेण्याचा किंवा ठेवण्याचा अधिकार नाही. दोनच दिवसांत केंद्रीय मंत्रालयाने ते पत्रक गैरसमज होईल म्हणून मागे घेतले आणि नागरिकांनी नेहमीची सावधगिरी बाळगावी, एवढेच सांगितले. पत्रकातील सल्ला योग्य होता आणि तो मागे घेतल्याने सामान्य माणसाच्या मनात जो संभ्रम उरला त्याचा लाभ कागद मागणाऱ्यांनाच झाला, असे म्हणावे लागते.

स्वयंसेवी गटांच्या बाबतीत कायद्यात बराच काळ एक मोठी पोकळीही होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ‘४३-अ’ कलमाखाली २०११ मध्ये झालेले नियम व्यावसायिक कारभार करणाऱ्या संस्थांनाच लागू होते आणि ‘संवेदनशील माहिती’च्या त्यांच्या व्याख्येत पासवर्ड, बँक खात्याचे तपशील, आरोग्याची माहिती व बायोमेट्रिक ठसे होते, ओळखपत्राची साधी प्रत तीत बसत नव्हती. विनामूल्य चालणारे ज्ञातिमंडळ किंवा गिर्यारोहकांचा गट या नियमांच्या कक्षेबाहेरच राहिला. उलट जून २०१६ मध्ये केंद्र सरकारने विवाहविषयक संकेतस्थळांसाठी जी मार्गदर्शिका काढली तीत सदस्यांकडून ओळखीचा व पत्त्याचा पुरावा घेण्यास सांगितले. फसवणुकीच्या तक्रारी पाहता ही अपेक्षा रास्त होती, पण ती व्यावसायिक सेवांपुरती होती. तिचा दाखला देत प्रत्येक वधू-वर ग्रुपच्या अ‍ॅडमिनने स्वतःच्या फोनमध्ये शेकडो मुलामुलींचे आधार साठवणे तिच्यात अभिप्रेत नव्हते.

ही पोकळी भरून काढणारा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले; माहिती गोळा करणाऱ्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. एखाद्या व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी ठेवलेली माहिती या कायद्यातून वगळली आहे, म्हणून भावंडांच्या सहलीसाठी एकाने सर्वांची ओळखपत्रे फोनमध्ये ठेवली तर त्याला कायद्याचे भय नाही. परंतु नोंदणी झालेली असो वा नसो, व्यक्तींचा समुदाय हाही या कायद्याच्या दृष्टीने ‘व्यक्ती’च आहे, त्यामुळे मंडळ, संघ किंवा सोसायटी त्यातून निसटत नाही. कागदावरच राहिलेली माहिती कायद्याच्या बाहेर आणि तिचा फोटो काढताच ती कायद्याच्या आत, अशी त्याची रचना आहे. म्हणजे कपाटातील फाइलला जे नियम नाहीत ते त्याच फाइलच्या गूगल ड्राइव्हवरील प्रतीला लागू होतील.

संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी आणि ती हेतूसाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती धरावी, असे या कायद्याचे सहावे कलम सांगते. दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने रुग्णाकडून त्याच्या फोनमधील संपर्कयादीचीही परवानगी मिळवली, तरी ती यादी सल्ल्यासाठी आवश्यक नसल्याने त्या भागापुरती संमती धरली जाणार नाही, असे उदाहरण कायद्यातच दिले आहे. हेतू पुरा झाला की माहिती पुसून टाकणे, अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती घेणे आणि माहिती सुरक्षित ठेवणे ही कर्तव्ये आहेत, आणि सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांची आहे. संमतीपूर्वीची सूचना आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल, त्यामुळे ती मराठीत मागण्याचा हक्क मराठी माणसाला मिळणार आहे.

परदेशातील मराठी मंडळांना याहून जुने बंधन आहे. युरोपीय न्यायालयाने २००३ सालीच स्वीडनमधील एका चर्चच्या स्वयंसेविकेच्या खटल्यात असे ठरवले होते, की सहकाऱ्यांची माहिती इंटरनेटवर अमर्याद लोकांना दिसेल अशी मांडणे ही घरगुती बाब राहत नाही, मग त्यामागे नफ्याचा हेतू असो वा नसो. मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय नियमावलीने गरजेपुरतीच माहिती घेण्याचे तत्त्व पक्के केले आणि ब्रिटनने तेच तत्त्व आपल्या कायद्यात कायम ठेवले.

इकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असा निर्णय दिला, की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधील सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अ‍ॅडमिनला केवळ अ‍ॅडमिन म्हणून जबाबदार धरता येत नाही. अनेक अ‍ॅडमिनांनी त्याचा अर्थ आपल्यावर कोणतीच जबाबदारी नाही असा लावला, तो बरोबर नाही. दुसऱ्याच्या बोलण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही, पण स्वतः मागून घेतलेल्या कागदाची आहे. त्या कागदावरून कोणी दुसऱ्याच्या नावे सिमकार्ड किंवा कर्ज काढले तर ते करणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ओळखचोरीच्या ‘६६-क’ या कलमाखाली तीन वर्षांपर्यंतची कैद आहे, आणि कागद त्याच्या हाती कोठून लागला याचा तपास ग्रुपपर्यंत येऊन पोहोचतो. सभासदाची खातरजमा करायचीच असेल तर व्हिडिओ कॉलवर ओळखपत्र पाहावे, जुन्या दोन सभासदांची हमी घ्यावी, फार तर मास्क्ड आधार पाहून पुसून टाकावे आणि आय रजिस्टरच्या धर्तीवर नाव, पत्ता व पाहिल्याची तारीख तेवढी लिहून ठेवावी. ज्या मंडळांच्या फोनमध्ये आणि ड्राइव्हमध्ये सभासदांचे आधार, पॅन व पारपत्रे आजवर साठली आहेत, त्यांनी अठरा महिन्यांची मुदत सरण्याची वाट न पाहता ती आताच पुसावीत आणि पुसल्याचे सभासदांना लेखी कळवावे.